बर्लिनमध्ये घर कुठल्या भागात घ्यावं? रात्री हिंडायचंय आणि झोपायचंही आहे

रात्रकिडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, तेव्हा सांभाळून घ्या.

दोन महिन्यांनी मी आणि बायको बर्लिनला येतोय. माझी नोकरी आडलर्सहोफला, प्रयोगशाळेत, सकाळी आठला हजर. ती घरूनच काम करणार. मला टेक्नोचं वेड आहे, लपवण्यात अर्थ नाही. बायकोला लहान बार, जॅझ, उशिरापर्यंत गप्पा असलं आवडतं. पण तिची झोप अशी, की शेजारच्या खोलीत मोबाईल थरथरला तरी जाग येते.

कुणालाही विचारलं की तीन नावं येतात: क्रॉइत्सबर्ग, नॉइकोल्न, फ्रीडरिक्सहाइन. पण शनिवारी तिथे मजा करायला जाणं वेगळं आणि मंगळवारी रात्री कचरा टाकायला तिथेच खाली उतरणं वेगळं, एवढं मलाही कळतं. तर कुठे बघू? जाणकारांनी प्रकाश टाकावा. (रात्री दहानंतर नको, बायको झोपलेली असेल.)

ओबरबाउम

डोळे मिटून फ्रीडरिक्सहाइन. सहा वर्षं झाली मला, बॉक्सहागनर प्लाट्सपासून दोन गल्ल्या सोडून राहतो. आडलर्सहोफला वार्शाउअर श्ट्रासेहून एस९ ही लोकल (एस-बान) थेट जाते, ओस्टक्रॉइत्सहून एस८. आणि शनिवारी? बेर्गहाइन, टेक्नोवाल्यांची पंढरी असलेला क्लब, चालत. 'आरएडब्ल्यू'चं आवार, म्हणजे रेल्वेचा जुना दुरुस्ती कारखाना, तेही चालत. परत येताना टॅक्सी नाही, बस नाही, पायाखालचा रस्ता.

फक्त सिमोन-डाख-श्ट्रासेवर घर घेऊ नका. ती पर्यटकांची गल्ली. शुक्रवारी रात्री वार्शाउअर पुलावर पायाखाली काचा कराकरा वाजतात, सायकलचं टायर महिन्याला एक जातं.

आणि एक गुपित, तुम्ही आठच्या नोकरीवाले म्हणून सांगतो. शनिवारी रात्री दीड वाजता रांगेत उभं राहायची हौस नवख्यांना. इथले मुरलेले लोक शनिवारी जेवून झोपतात, रविवारी सकाळी आंघोळ करून, कॉफी पिऊन क्लबात जातात आणि संध्याकाळी घरी येतात. पार्टी शनिवारपासून सोमवार सकाळपर्यंत चालूच असते, ती कुठे पळून जात नाही.

झोपमोड

वरच्या प्रतिसादाचा शेवटचा परिच्छेद सोन्याचा आहे, पण 'डोळे मिटून' याला माझा विरोध. डोळे मिटूनच घर घेतलं होतं मी, नंतर वर्षभर ते मिटले नाहीत.

नॉइकोल्नला, वेझरश्ट्रासेवर. पहिला मजला, रस्त्याकडे तोंड. घर बघायला बुधवारी दुपारी साडेतीनला गेलो होतो. उंच छत, लाकडी जमीन, समोर झाडं. खाली एक बार आहे हे दिसलं, पण शटर अर्धं खाली होतं आणि आत कुणीतरी शांतपणे फरशी पुसत होतं. किती गोड, म्हटलं.

संगीताचा त्रास होईल असं वाटलं होतं. संगीत कानाला ऐकू आलंच नाही! बास मात्र भिंतीतून वर चढायचा आणि पलंगाच्या पायातून गादीत यायचा. कानात बोळे घालून काय उपयोग, बरगड्यांना कुठे बोळे घालणार? पण त्याचीही सवय झाली. सवय झाली नाही ती धूर प्यायला बाहेर येऊन उभ्या राहणाऱ्या माणसांची. चार माणसं, हलक्या आवाजात, माझ्या खिडकीखाली. संगीताकडे दुर्लक्ष करता येतं, गोष्टीकडे नाही. एका रात्री कुणाचंतरी लग्न मोडत होतं आणि मी तीनपर्यंत जागा, पुढे काय झालं ते ऐकायला. मग बंद व्हायच्या वेळी खुर्च्या एकात एक रचून लोखंडी साखळी ओवायचे. ती साखळी खळ्ळकन ओढली जायची तेव्हा मला कळायचं, आज मंगळवार असूनही पावणेतीन झाले.

जुन्या इमारतींना पेटीसारख्या दुहेरी खिडक्या असतात, मध्ये वीतभर पोकळी. फोटोत सुंदर दिसतात. दोन्ही नीट बसत असतील तर आवाजही बराच अडतो. माझी आतली खिडकी फुगलेली होती, एक बोट फट राहायची. जाड पडदे, फटीत फोमची पट्टी, सगळं करून पाहिलं. घरमालकाला लिहिलं तर उत्तर आलं की बार तुम्ही यायच्या आधीपासून तिथे आहे.

शेवटी काय केलं? भाग सोडला नाही. गल्लीही सोडली नाही. त्याच इमारतीत अंगणाच्या पलीकडे, हिंटरहाउसमध्ये तिसऱ्या मजल्यावर घर रिकामं झालं, तिथे गेलो. बर्लिनच्या जुन्या इमारती अशाच असतात: रस्त्याकडे फोर्डरहाउस, मग अंगण, कडेने पंख, मागे हिंटरहाउस. पंचवीस पावलांचं अंतर. इकडे आलो आणि पहिल्या रात्री इतकं शांत वाटलं की फ्रिजचा आवाज खुपायला लागला. उजेड कमी येतो, हिवाळ्यात दुपारी दिवा लावावा लागतो. पण झोप लागते हो.

म्हणून रात्रकिडाराव, कुठला भाग हे नंतर विचारा. खिडकी कुठे उघडते ते आधी विचारा.

ट्रामप्रेमी

झोपमोड यांना +१. त्याला माझी पुरवणी: भाग नाही, लाईन निवडा.

शुक्रवार आणि शनिवार रात्री यू-बान (मेट्रो) रात्रभर चालते, दर पंधरा मिनिटांनी (एकटी यू४ झोपते). एस-बान अर्ध्या तासाने. आठवड्यात मधल्या दिवशी यू-बान एकच्या सुमारास थांबते, मग तिच्याच वाटेने रात्रीची बस: यू८ ला एन८, यू७ ला एन७, असं सरळ गणित. आणि 'एम' लावलेल्या ट्राम तर चोवीस तास, सातही दिवस. एम१० ही त्यातली महाराणी. वार्शाउअर श्ट्रासेहून निघते, प्रेन्सलाउअर बेर्ग, मुख्य स्थानक करत २०२३ पासून मोआबिटच्या टुर्मश्ट्रासेपर्यंत जाते. शनिवारी पहाटे चारला तिच्यात बसून बघा, अर्धे लोक चकाकी लावलेले, अर्धे पावाच्या दुकानात कामाला निघालेले.

तेव्हा मोआबिटला स्वस्तात राहूनही पार्टी जवळच आहे. तुमच्या बाबतीत घोळ आडलर्सहोफचा. ते आग्नेयेला, एम१० वरून रोज तिथे जाणं म्हणजे शिक्षा. नॉइकोल्न किंवा हेरमानश्ट्रासेहून एस४६ थेट आहे, ट्रेप्टोवर पार्कहून एस८, एस८५, एस९ तिन्ही. एवढ्याच पट्ट्यात बघा. तिकिटाची काळजी नको, डॉइचलांडटिकेट हा महिन्याचा पास घ्या. २०२३ ला ४९ युरोत सुरू झालं होतं, २०२६ पासून ६३ झालं, तरी परवडतं.

निवांतकाका

मी १९९८ पासून शार्लोटनबुर्गमध्ये, साविन्यीप्लाट्सजवळ. तरुण मंडळी आमच्या भागाला म्हाताऱ्यांचा म्हणतात. असू दे. जॅझ ऐकायचं तर सूनबाईंना घेऊन इकडेच यावं लागेल.

थोडं जुनं सांगतो. या शहरात बार बंद करण्याची सक्तीची वेळ नाही, ती १९४९ मध्येच पश्चिम बर्लिनमधून उठली. हाइन्झ त्सेलरमायर नावाच्या हॉटेलवाल्याने अमेरिकन कमांडंटला गळ घातली आणि काम झालं. म्हणून इथली रात्र लांब. पण त्याच शहरात रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ आहे आणि रविवारी अख्खा दिवस. दोन्ही नियम एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहतात. भांडण तिथूनच सुरू होतं.

प्रेन्सलाउअर बेर्ग आज बाबागाड्यांचा भाग आहे. मी आलो तेव्हा तिथे तळघरातळघरात क्लब होते. ग्राइफ्सवाल्डर श्ट्रासेवर क्नाक होता, १९५२ पासूनचा. शेजारी नवीन इमारत उभी राहिली, तिच्यातल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली, बंधनं येत गेली आणि २०१० च्या अखेरीस साठीला टेकलेला क्लब बंद झाला. क्लबचं आकर्षण बघून माणसं राहायला आली आणि आल्यावर त्यांना क्लब नकोसा झाला! त्यानंतर सरकारलाही जाग आली. २०१८ मध्ये शहराने क्लबांच्या ध्वनिरोधनासाठी दहा लाख युरोंचा निधी काढला, २०२१ मध्ये संसदेने क्लबांना सांस्कृतिक स्थळं मानावं असा ठराव केला. क्नाकला त्याचा काय उपयोग, म्हणा.

अवांतर: वेडिंग आणि पांको भागातली जुनी मंडळी अजून सांगतात की टेगेल विमानतळ २०२० मध्ये बंद झाला आणि त्यांना पहिल्यांदा कळलं की आपल्या बाल्कनीत चिमण्या येतात.

फटकळ

काका, तुम्ही नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. धागाकर्त्याला राग येईल, पण विचारतोच: तुम्ही चांगल्या पगारावर येणार, नॉइकोल्नला मागतील ते भाडं देणार, आणि दोन वर्षांनी 'इथे फार गोंगाट असतो हो' म्हणत पोलिसांना फोन करणार. बरोबर ना?

वॉटरगेट क्लब २०२४ संपताना बंद झाला. ओबरबाउम पुलाशेजारी, नदीवर काचेची भिंत असलेला, २००२ पासूनचा. त्याला शेजाऱ्यांनी मारलं नाही, भाड्याने आणि वाढलेल्या खर्चाने मारलं. आता ए१०० महामार्ग ओस्टक्रॉइत्सकडे वाढवायची योजना आहे, तिच्या वाटेतही क्लब येतात. जे उरलंय ते शेजारपणावर टिकलंय. आवाज सहन होत नसेल तर त्या गल्लीत घर घेऊच नका, एवढंच म्हणणं.

रात्रकिडा (धागाकर्ता)

फटकळ, राग नाही. पोलिसांना फोन करणाऱ्यातला मी नाही. बायकोबद्दल लिहून देऊ शकत नाही. :)

झोपमोड, तुमचा प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवला. तिचा पहिला प्रश्न: 'त्या लग्नाचं पुढे काय झालं?'

झोपमोड

मोडलं. पुढच्या शुक्रवारी तो एकटाच आला होता.

कंदील

इतके प्रतिसाद झाले, एकानेही शेवटच्या चारशे मीटरबद्दल लिहिलं नाही. स्टेशनपासून घरापर्यंतचे चारशे मीटर. ट्रामप्रेमीदादा, लाईन निवडा म्हणणं ठीक, पण मला गाडीत भीती वाटत नाही. गाडीत माणसं असतात.

मी चार वर्षं यू८ वर काढली. कॉटबुसर टोर, म्हणजे सगळ्यांचं कॉटी, तिथे अड्डे आहेत, नशेत बसलेले लोक आहेत, २०२३ मध्ये वर पोलीस चौकीही आली. पण मध्यरात्री तिथे उजेड असतो, श्पेटी (रात्री उशिरापर्यंतची किराणा दुकानं) उघडी असतात, बाकड्यावर बिअर घेऊन बसलेली माणसं असतात. मला तिथे चालायला कधी जड गेलं नाही, खिसेकापूंपासून फोन सांभाळला की झालं. जड गेलं ते नंतर, 'सभ्य' भागात राहायला गेले तेव्हा. सुंदर रस्ता, मोठी झाडं, झाडांच्या वर दिवे, त्यामुळे खाली काळोख. दहानंतर चिटपाखरू नाही. किल्ली मुठीत धरून चालायचे.

त्यामुळे वहिनींसाठी सांगते: घर आवडलं की त्याच शुक्रवारी रात्री एकला आणि मग मंगळवारी साधारण अकराला, स्टेशनपासून घरापर्यंत दोघं चालत जा. एकदा तुम्ही वीस पावलं मागे राहा, त्यांना पुढे एकटं चालू दे. त्यांना काय वाटलं ते विचारा, तुमचं मत नंतर. गोर्लिट्सर पार्कमधून अंधार पडल्यावर जवळचा रस्ता म्हणून जाऊ नका, अमली पदार्थ विकणारे तिथे कायम असतात. कडेने वळसा घाला. आणि रात्रीच्या बसमध्ये चालकाला आधी सांगितलं तर दोन थांब्यांच्या मध्येही उतरू देतात. मी कितीदा तरी फाटकासमोर उतरलेय.

अजून एक, बारीकसं. इथल्या कित्येक लहान बारमध्ये आत सिगारेट चालते. पंचाहत्तर चौरस मीटरच्या आतला, जेवण न बनवणारा, अठरा वर्षांखालच्यांना बंदी असलेला बार असेल तर कायद्यानेच चालते. कोट बाल्कनीत टांगावा लागतो दोन दिवस. म्हणून बाल्कनी बघा.

किल्लीवाली

सगळे भाग निवडताहेत जणू घरं रांगेत उभी आहेत! इथे एका घराला शेकड्याने अर्ज येतात. भाग तुम्ही निवडत नाही, तोच तुम्हाला निवडतो.

तरी थोडं कामाचं. जाहिरातीत 'काल्ट' म्हणजे थंड भाडं, नुसतं घराचं. 'वार्म' म्हणजे त्यात इमारतीचा खर्च आणि बहुतेकदा गरमीचाही; वीज, इंटरनेट वेगळं. वर दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्क, टीव्ही नसला तरी. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. घर न दाखवता आधी पैसे पाठवा म्हणणारा भेटला की फोन ठेवा.

आणि आनमेल्डुंग! पत्त्याची नोंदणी. घरात शिरल्यापासून चौदा दिवसांत करायची, त्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्र लागतं. सुरुवातीला तीन-चार महिन्यांची पोटभाड्याची घरं मिळतात, त्यातले कितीतरी जण हळूच सांगतात, 'नोंदणी होणार नाही हां.' नोंदणी नाही तर कर क्रमांक अडतो, पुढचं सगळं अडतं. माझी एक मैत्रीण अशाच घरात चार महिने राहिली, झकास बाल्कनी होती, पगारातून मात्र सर्वात वरच्या दराने कर कापला जात होता. नंतर परत मिळाला, पण तोवर बाल्कनीत बसून नूडल्स खाल्ले.

माझं मत विचाराल तर पहिलं घर तात्पुरतंच घ्या, नोंदणी होणारं, कुठल्याही भागात. वेडिंगला मिळालं तर वेडिंगला. 'वेडिंग आता वर येतंय' असं इथे वर्षानुवर्षं म्हणतात, ते येतच असतं, तोवर भाडं जरा बरं असतं.

ओबरबाउम

वेडिंगहून आडलर्सहोफ? रिंग-बानच्या गोल लाईनवरून अर्धं शहर फिरून ट्रेप्टोवर पार्कला बदली. आठ वाजता!

किल्लीवाली

तीन महिने करेल की. मरत नाही कुणी रिंग-बानमध्ये बसून. तासाभरात अख्खी चक्कर मारून येते ती.

निवांतकाका

एक भाग कुणीच घेतला नाही. रिक्सडॉर्फ. नॉइकोल्नमध्येच आहे, रिशार्डप्लाट्सच्या भोवती. १७३७ मध्ये बोहेमियातून धर्मासाठी पळून आलेल्या लोकांना राजाने तिथे वसवलं, त्यांची बुटकी घरं आणि अंगणं अजून आहेत. मधोमध उभं राहिलं तर गावात आल्यासारखं वाटतं. वेझरश्ट्रासे चालत वीसेक मिनिटं. एस४६ चं स्टेशन चालत, यू७ चालत. दगडी फरसबंदीवरून गाड्या खडखडत जातात, एवढा दोष.

फटकळ

काका, असलं उघड्या धाग्यावर लिहायचं नसतं. :(

रात्रकिडा (धागाकर्ता)

मंडळी, धागा वर काढतोय. येऊन पाच महिने झाले.

किल्लीवालीताईंचं ऐकलं. आधी वेडिंगला लेओपोल्डप्लाट्सजवळ पोटभाड्याने, नोंदणीसकट. रोज रिंग-बान. ओबरबाउम म्हणाले तसा त्रास झाला, पण सकाळी खिडकीजवळची जागा मिळाली की झोप पूर्ण व्हायची.

मग बावीस घरं बघितली. कंदीलताई, तुमची परीक्षा सहा ठिकाणी केली. फ्रीडरिक्सहाइनमधलं एक घर मला इतकं आवडलं होतं की विचारू नका. शुक्रवारी रात्री एकला बायको वीस पावलं पुढे चालली, कोपऱ्यावर थांबली, मागे वळून म्हणाली, 'भीती नाही वाटत. पण हे लोक रोज असे ओरडणार का?' आल्ट-ट्रेप्टोमध्येही एक पसंत पडलं होतं, क्रॉइत्सबर्गला खेटून आणि तरी निवांत. पण २०२५ मध्ये ए१०० चा नवा तुकडा उघडल्यापासून तिथे संध्याकाळी गाड्यांची रांग हलत नाही, आणि खिडकी त्याच रस्त्यावर होती.

शेवटी रिक्सडॉर्फ. हिंटरहाउस, दुसरा मजला, खिडक्या अंगणात. दोन्ही झडपा नीट बसतात, घर बघताना मी चार वेळा उघडून लावून पाहिल्या, घरमालकीण माझ्याकडे बघत राहिली. काका, तुम्हाला दंडवत.

निवांतकाका

सुखी राहा. स्वयंपाकघर आहे का? की इथल्या कित्येक घरांसारखी नुसती भिंत?

रात्रकिडा (धागाकर्ता)

शेगडी आणि भांडी घासायची मोरी आहे. बाकी भिंत.

आणि हो, एक राहिलंच. रात्री टाचणी पडली तर ऐकू येईल इतकी शांतता. पण रविवारी सकाळी जवळच्या चर्चची घंटा सुरू होते, ती थांबायचं नावच घेत नाही. बायको डोक्यावर उशी दाबून घेते. मी तोवर बूट घालत असतो.

ओबरबाउम

या रविवारी दहाला ओस्टबानहोफ स्टेशन, तिथून बेर्गहाइन. काळेच कपडे पाहिजेत असं काही नाही, पण चौघं पुरुष मिळून येऊ नका, दारावरूनच परत पाठवतात.

कंदील

वहिनींनाही आणा. झोप तशीही मोडलीच आहे.